सगळ्यात हळू चालणारी पुढे

शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत मी कायम शेवटची यायचे. शेवटून दुसरी वगैरे नाही, शेवटचीच. मी रेषेपर्यंत पोचायच्या आत पुढच्या शर्यतीची मुलं येऊन उभी राहिलेली असायची आणि पीटीचे सर मला हातानेच बाजूला हो म्हणायचे. त्यामुळे सहावीत असताना आमच्या गाइडच्या बाई जेव्हा म्हणाल्या की मुक्कामी पदभ्रमणात तू सगळ्यांच्या पुढे चालणार आहेस, तेव्हा मला वाटलं, बाई माझी टर उडवताहेत. मला राग लवकर येतो. अजूनही येतो, पण तेव्हा तर तो नाकावरच बसलेला असायचा. मी विचारलं, "का? मी काय केलं?"

बाई भूगोल शिकवायच्या, रोज डोंबिवलीहून यायच्या आणि उगाच गोड बोलायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सगळ्यात हळू चालणारी पुढे असते. बाकीच्या तिच्या मागे. तिला कुणी ओलांडायचं नाही. म्हणजे पथक फुटत नाही."

हळू कोण, हे तलावपाळीला ठरलं होतं. आमची शाळा ठाण्याला, नौपाड्यात. जायच्या आधीचा महिनाभर दर शनिवारी आम्ही नऊ जणी पाठीवर सॅक घेऊन तलावाला फेऱ्या मारायचो. सॅकमध्ये वजन म्हणून मागच्या वर्षीची पाठ्यपुस्तकं. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी एकदा विचारलंसुद्धा, "घर सोडून चाललात का गं सगळ्या?" बाकीच्यांच्या फेऱ्या संपून त्या उसाचा रस पीत उभ्या असायच्या आणि मी अजून पलीकडच्या काठाला. त्यांना मी दिसायचे, मला त्या दिसायच्या, आणि मधलं तळं काही केल्या संपायचं नाही.

घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "मग पुढारी झालीस की." ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते आणि त्यांच्या विनोदांवर तिथे लोक हसत असावेत. आईने हसू दाबलं ते मला दिसलं. मी तणतणत ताटावरून उठले आणि मग भूक लागल्यावर परत येऊन बसले.

याशिवाय बाईंचे आणखी दोन नियम होते. पहिला, जिची सॅक तिच्या पाठीवर. दमलीस तर थांब, पण सॅक दुसरीला द्यायची नाही. दुसरा नियम चार वाजताचा. मुरबाडच्या पुढे एक डोंगर आहे, नाव सांगत नाही कारण हल्ली लोक तिथे सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येतात. त्या डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा, वर चढून गेलं की खिंड, खिंडीच्या पलीकडे पठार आणि पठारावर एक देऊळ. मुक्काम देवळात. खिंड ते देऊळ वाट कड्याच्या काठाने जाते आणि थंडीत अंधार लवकर पडतो, म्हणून सगळं पथक चारच्या आत खिंडीत पोचलं तरच पुढे जायचं. नाही पोचलं तर सगळ्यांनी खाली यायचं आणि पाड्यात झोपायचं.

हे ऐकल्यावर आठही जणींनी माझ्याकडे पाहिलं. हिशोब सरळ होता. मी पुढे, मला ओलांडायचं नाही, म्हणजे सगळ्यांची सहल माझ्या पायांवर. आमची संघनायिका नववीत होती, खाडीकडच्या कोळीवाड्यातली. घरची होडी होती, ओली जाळी उचलून तिचे दंड भरलेले. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे तिची ही शेवटची सहल. ती एवढंच म्हणाली, "पोचव गो आमाला." मी मनाशी ठरवून टाकलं की मेले तरी चालेल पण चारच्या आत पोचवीन. अकरा वर्षांच्या मुलीला मरणं फार सोपं वाटतं.

शनिवारी सकाळी खोपटच्या डेपोत जमलो तेव्हाच बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आपल्यापुरतं कोरडं खाणं आणा. आता 'आपल्यापुरतं' हे आमच्या आयांना कसं जमावं? मुलगी चारचौघींत बसून एकटीच खाईल, हे कुठल्या आईला चालतं? तेव्हा आयांचा व्हॉट्सअॅप ग्रुप नव्हता, नाहीतर तू दशम्या कर, मी चटणी करते असं तरी ठरलं असतं. नऊच्या नऊ आयांनी नऊ जणींना पुरेल एवढं दिलं होतं. कुणाकडे बेसनाचे लाडू, कुणाकडे शंकरपाळे, कुणाकडे तिखटमिठाच्या पुऱ्या, संघनायिकेकडे सुक्या जवळ्याची चटणी. माझ्या आईने त्यातल्या त्यात डोकं चालवलं होतं. पोरगी नाजूक, सॅक जड होऊ नये म्हणून तिने चिवडा दिला होता. चिवडा हलका. पण नऊ जणींना पुरायला हवा, म्हणून डबा घरातला मोठा, स्टीलचा, कडीचा.

एसटीत अर्ध्या तासात खायला सुरुवात झाली. मुरबाडला उतरून टमटमने पुढे गेलो, तिथून शेतांमधून चालत पाड्यावर पोचेपर्यंत सगळ्यांची पोटं तुडुंब होती आणि डबे निम्मेही संपले नव्हते. बाईंनी सगळ्या सॅक उघडायला लावल्या. मग पाड्यावरच्या एका घराच्या ओट्यावर आपापल्या सॅकपुढे डबे मांडायला सांगितले. त्या घरच्या काकू बाईंच्या ओळखीच्या होत्या, बाई दरवर्षी पथक घेऊन तिथूनच वर जायच्या. बाई काकूंना म्हणाल्या, "पाड्यातल्या मुलांना वाटा. या वर घेऊन गेल्या तर तिथंच बसतील." आम्हाला म्हणाल्या, "हापशावर जा, बाटल्या भरा, पाच मिनिटांत परत."

हापशावर वेळ लागला. तिथे पाड्यातल्या बायका होत्या, त्यांनी आम्हाला नावं, गावं, आईवडील काय करतात सगळं विचारलं. परत आलो तेव्हा काकूंनी डबे घासूनपुसून, झाकणं लावून आमच्या उघड्या सॅकमध्ये ठेवूनही दिले होते. बाई घड्याळ बघत होत्या. आम्ही वर बाटल्या कोंबून सॅक पटापट बांधल्या आणि निघालो.

सॅक पाठीवर घेतली आणि माझे गुडघे वाकले. मला वाटलं, आता रिकामा डबा आणि तरी ही अशी जड? सकाळी तर अशी नव्हती. मी संघनायिकेला हळूच म्हटलं. ती म्हणाली, "पोट भरलं ना, की अशीच लागते. चालायला लागलीस की वाटणार नाय." ते मला पटलं. खरं तर मला पटवूनच घ्यायचं होतं, कारण जड लागते म्हटलं की बाईंच्या मनात शंका येणार, आणि मला शंका नको होती. मी पट्टे आवळले आणि पुढे झाले.

पुढे चालणं किती वाईट असतं हे मागे चालणाऱ्यांना कळत नाही. मागे असलं की दमलं तर जरा रेंगाळता येतं, घसा साफ करता येतो, बुटाची लेस बांधायला बसता येतं. पुढे असलं की आपण थांबलो तर आठ जणी थांबतात आणि त्यांचे आठ उसासे मानेवर येतात. मी थांबत नव्हते. वाट कारवीतून वर चढत होती, खडी, सुटी माती, पाय घसरायचा. सॅकचे पट्टे खांद्यात रुतत होते. डोळ्यांत घाम जात होता आणि तो पुसायलाही हात मोकळा नव्हता, एका हातात काठी, दुसऱ्याने झुडपं धरायची. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "आपण गोगलगायीच्या मागे चाललोय." मी वळून न बघता म्हटलं, "मग ये पुढे." कुणी आलं नाही. सगळ्यांच्या शेवटी बाई होत्या.

मध्यावर एक खडकाचा टप्पा आला. हात टेकून वर चढायचं होतं. मी एक पाय वर ठेवला, अंग उचललं, आणि माझ्या सॅकचा डावा पट्टा शिवणीतून फाटकन निघाला. मी मागे पडले नाही कारण संघनायिकेने सॅक खालून धरली. ती म्हणाली, "सोड, काढ, मी गाठ मारते." सॅक खाली ठेवून तिने वरचं सामान बाहेर काढलं, मग डबा धरला, आणि तो तिलाही एका हाताने सहज उचलेना. तिने माझ्याकडे पाहिलं. "यात काय दगड भरलेस?"

तिने कडी काढली. डबा काठोकाठ तांदळाने भरला होता. नवा तांदूळ, त्या वर्षीचा, बारीक, आणि वास सुटलेला.

मग लाडूवालीने आपला डबा उघडला, तर तांदूळ. शंकरपाळेवालीने उघडला, तांदूळ. प्रत्येकीच्या डब्यात तांदूळ. काकूंनी आमचे डबे रिकामे परत दिलेच नव्हते. कोण देतं? माझी आईसुद्धा शेजारच्यांचा डबा कधी रिकामा देत नाही, काही नसलं तर मूठभर साखर तरी घालते. हे आम्हा नऊ जणींना चांगलं ठाऊक होतं, आणि एकीनेही झाकण उचलून पाहिलं नव्हतं. आणि माझ्या आईने हलका चिवडा दिला म्हणून माझा डबा सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांत जास्त तांदूळ मला.

मला हसूही येईना आणि रडूही येईना. इतका वेळ मला वाटत होतं की मीच कुचकामी आहे. आता कळलं की मी कुचकामी होतेच, पण चार किलो तांदूळ घेऊन कुचकामी होते. त्याने मला बराच धीर आला.

एक जण म्हणाली, "ओतून टाकूया इथेच, पाखरं खातील." कुणीच हो म्हणालं नाही, तिने स्वतःही डबा हलवला नाही. तोवर बाई खालून वर आल्या. त्यांनी सगळे डबे पाहिले, कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "टाकायचा नाही. परत द्यायलाही जायचं नाही, काकूंना वाईट वाटेल." मी म्हटलं, "पण जिची सॅक तिच्या पाठीवर." मला भीती होती की आता माझी सॅक काढून घेतील. बाई म्हणाल्या, "सॅक तुझी. तांदूळ सगळ्यांचा." आणि त्यांनी गळ्यातला स्कार्फ सोडला.

मग आम्ही दगडावर बसून तांदूळ वाटला. माझ्या डब्यातला पेल्यापेल्याने काढून प्रत्येकीच्या स्कार्फमध्ये घातला, पुरचुंड्या बांधल्या, महिनाभर ज्या गाठी नुसत्या दोरीवर शिकलो होतो त्या पहिल्यांदा कशाच्या तरी उपयोगी पडल्या. संघनायिकेने माझा पट्टा सुतळीने बांधला. हे सगळं नीट झालं, पण त्यात वेळ गेला. ते सगळ्यांनाच माहीत होतं.

त्यानंतर मी जशी चालले तशी त्याआधी कधीच चालले नव्हते. पायात गोळे येत होते, तोंड कोरडं पडलं होतं, पण सॅक निम्मी झाली होती आणि खिंड दिसायला लागली होती. शेवटी गवताचा एक मोठा उतार लागतो. तिथे वाट अशी नाहीच, कुठूनही चढता येतं. आम्ही त्या उताराला लागलो तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "चार वाजत आले."

माझ्या उजवीकडून पहिली गेली ती संघनायिका. मग डावीकडून दोघी, मग सगळ्याच. गवत तुडवत, पुरचुंड्या छातीशी धरून त्या पळत वर गेल्या. मी पळायचा प्रयत्न केला आणि तोंडावर आपटले. उठले, चालले, पुन्हा गवतात बसले. बाई माझ्या मागे होत्या. त्यांनी मला हात दिला नाही आणि ओलांडलंही नाही.

मी खिंडीत पोचले तेव्हा त्या सगळ्या पाय पसरून बसल्या होत्या, खूष होत्या. संघनायिका म्हणाली, "बाई, आमी चारला पोचलो. बरोब्बर." बाईंनी घड्याळ तिच्यासमोर धरलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"शेवटची पोचली की पथक पोचलं," बाई म्हणाल्या. "चला खाली."

कुणीतरी रडायला लागलं. कुणीतरी म्हणालं, फक्त दहा मिनिटं तर झाली. बाई वळून चालायलासुद्धा लागल्या होत्या. मला इतका राग आला होता की कानात आवाज येत होता. बाईंचा राग, त्या आठ जणींचा राग, काकूंचा, आईच्या डब्याचा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या पायांचा. पलीकडचं पठार मी नीट पाहिलंही नाही. उतरताना मी सगळा वेळ रडत होते आणि कुणी जवळ आलं की काठी आपटत होते.

आम्ही पाड्यात उतरलो तेव्हा काकू ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. पुरचुंड्या बघून त्यांना आधी धक्का बसला. "का गं, तांदूळ आवडला नाय?" बाई म्हणाल्या, "एवढा चांगला तांदूळ तुमच्याशिवाय कसा खायचा? म्हणून परत आलो." काकूंना ते खरं वाटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी मोठं पातेलं काढलं. गरम भात, वालाची आमटी आणि आमचीच उरलेली जवळ्याची चटणी. मी रागावून जेवणार नव्हते. तीन वेळा भात घेतला.

सकाळी उजाडताना बाईंनी सगळ्यांना ओट्यावर गोळा केलं. म्हणाल्या, "आता निघालो तर पहिली एसटी मिळेल, दुपारी घरी. नाहीतर पुन्हा वर जाऊन येऊ आणि दुपारची एसटी पकडू. तुम्ही ठरवा. सहल पुरी झाली असं धरायचं तर सॅक घेऊन वर जायचं."

सगळ्या आपापल्या पायांचे फोड बघत होत्या. कुणी वर मान करेना. मी आत गेले, सॅक पाठीवर चढवली आणि बाहेर येऊन उभी राहिले. "मी जाणार."

"एकटीला नेणार नाही," बाई म्हणाल्या. "पथक जातं, नाहीतर कुणी जात नाही."

मग मला बोलावंच लागलं. मला भाषण येत नाही. मी रागातच बोलले, पण राग कुणावर होता ते मलाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "मी हळू आहे. मीच सगळ्यात हळू आहे, मला माहितीये. म्हणून मीच पुढे चालणार. पण आज माझ्यापुढे कुणी जायचं नाही. कुणीच."

हे वाक्य मी स्वतः म्हटलं, बाईंनी म्हणायला लावलं नाही. म्हटल्यावर मला हलकं वाटलं. कुणी हसलं नाही. मग संघनायिका उठली, तिने बूट घातले, फोड आलेल्या टाचेवर जरा तोंड वाकडं केलं आणि सॅक उचलून माझ्या मागे येऊन उभी राहिली. "चल गो," ती म्हणाली. बाकीच्या कुरकुरत उठल्या, पण उठल्या.

त्या सकाळी मी आदल्या दिवशीपेक्षा जलद चालले असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. अंग आंबलं होतं, सुतळीचा पट्टा काचत होता, खडकाच्या टप्प्यावर तर मी एवढा वेळ घेतला की मागच्या दोघींनी गोळ्यांची पुडी उघडून संपवली. मी थांबले की सगळ्या थांबायच्या. मी चालले की मागून बुटांचे आवाज सुरू व्हायचे. घाई कर असं कुणी म्हणालं नाही. मला कळलं की मी आता दमल्यावर थांबते आहे, भीतीने पळत नाही, आणि त्यामुळे मला खूप पुढे जाता येतंय.

गवताचा उतार आला. तिथे वाट मोकळी होते, कुठूनही चढता येतं. माझी मान आपोआप ताठ झाली. उजवीकडून कुणी येतंय का, डावीकडून कुणी येतंय का, मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. संघनायिकेचा श्वास माझ्या पाठीशी ऐकू येत होता. तिचे पाय माझ्या दुप्पट लांब, तिने ठरवलं असतं तर चार ढांगांत ती वर गेली असती. मी मुद्दाम नव्हे, पण खरंच फार हळू चालत होते. ती माझ्या मागेच राहिली. सगळ्याच राहिल्या, त्या एवढ्या मोकळ्या उतारावर एकामागे एक.

खिंड अरुंद आहे. दोन्ही बाजूंना खडक, मधे एका माणसापुरती जागा. मी तिथे पाय ठेवला आणि पलीकडून वारा तोंडावर आला. पठार, देवळाचा कळस, त्यामागे डोंगरांच्या रांगा, आणि माझ्यापुढे कुणीही नाही. आयुष्यात मी कुठेही पहिली पोचले नव्हते. मला इतका आनंद झाला होता की छाती दुखायला लागली.

एक पायरी खाली संघनायिका थांबली होती. तिच्यामागे सगळी रांग, रांगेच्या टोकाला बाई. थोड्या वेळाने संघनायिका म्हणाली, "पोचलीस ना? हो आता बाजूला, आमाला येऊ दे."

मी लगेच बाजूला झाले नाही.